पंधरा कासवांची गोष्ट



सरपटणारे प्राणी म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या अंगावर काटा येतो. वाघ कमी झाले म्हणून हळहळणारे भेटतात. पण सरडा, घोरपड, साप कमी झाले तर कोण हळहळणार? उलट, बरे झाले, असेच कोणी म्हणेल. मात्र २०२२ साली शास्त्रज्ञांनी जगभरच्या दहा हजारांहून अधिक जातींचा हिशेब मांडला, तेव्हा दर पाच जातींमागे एक जात नष्ट होण्याच्या वाटेवर आढळली. मगरींच्या निम्म्या जाती धोक्यात आहेत आणि कासवांच्या निम्म्याहून अधिक.

कासवच का, असे तुम्ही विचाराल. त्याच्या पाठीवर तर ढाल आहे! ती ढाल दातनखांपुढे टिकली, माणसापुढे नाही. याचे उदाहरण म्हणून आज एका दूरच्या बेटाची हकीकत सांगतो. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी उद्या वर्गात नकाशा उघडून दक्षिण अमेरिकेतला इक्वेडोर देश दाखवावा. तिथून पश्चिमेला सुमारे हजार किलोमीटर भर समुद्रात गॅलापागोस नावाची बेटे आहेत. बेटांना हे नावच मुळी कासवांवरून पडले. तिथली कासवे म्हणजे दोन-अडीचशे किलो वजनाची धुडे, शंभर वर्षे सहज जगणारी.

हे दीर्घायुष्यच त्यांना भोवले. अन्नपाण्यावाचून ती महिनोन्‌महिने तग धरतात, हे देवमासे मारणाऱ्या खलाशांना कळले. मग काय! ताज्या मांसाची शिदोरी म्हणून जिवंत कासवे जहाजाच्या तळाशी रचून नेली जाऊ लागली. माणसांमागोमाग शेळ्या आल्या. शेळी काय करते, हे तुम्हांला मी सांगायला नको. राखणदार नसलेल्या शेळ्यांनी झाडझाडोरा फस्त केला आणि कासवांच्या तोंडचा घास गेला. पिंटा नावाच्या बेटावर १९५९ साली तीन शेळ्या सोडल्या होत्या. दहा-बारा वर्षांत त्यांची हजारो झाली. त्या बेटावरचे एकच कासव १९७१ साली सापडले. त्याचे नाव जॉर्ज ठेवले. जोडीदारीण जगात कुठेच मिळाली नाही, आणि २४ जून २०१२ रोजी तो गेला. त्याच्याबरोबर त्याची जातही गेली.

एस्पान्योला बेटाचीही तीच गत व्हायची. तिथे १९६३ ते १९७४ या काळात शोधशोधून चौदा कासवे हाती लागली, बारा माद्या आणि दोन नर. बेट मोठे आणि कासवे इतकी विखुरलेली, की त्यांची एकमेकांशी गाठच पडत नव्हती. माद्यांच्या पाठीवर दगडफूल उगवले होते. म्हणजे कित्येक वर्षांत नर जवळ फिरकलेला नव्हता. म्हातारी माणसे तेवढी उरलेली आणि पाळणा न हललेली गावे आपण पाहतो ना, तसे ते बेट झाले होते. पाहणाऱ्याला कासव दिसे. पण त्याच्यामागे कोणी नव्हते.

ही चौदाही कासवे सांता क्रूझ बेटावरच्या केंद्रात आणली. अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात एक नर होता. पुढे दिएगो याच नावाने तो प्रसिद्ध झाला. तोही परत आणला, आणि झाली पंधरा. अंडी उबवायची पेटीत. यात एक गंमत आहे, बरे का. पिल्लू नर व्हायचे की मादी, हे अंड्याला मिळणाऱ्या उबेवर ठरते. ऊब थोडी जास्त असली की मादी, कमी असली की नर. आता पृथ्वीच तापत चालली तर पुढे काय, हा प्रश्न आहेच.

अंडी राखण्याचे काम आपल्याकडेही चालते. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर २००२ सालापासून चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकरी मिळून सागरी कासवांची घरटी राखू लागले. चोर आणि कोल्हे-कुत्री यांच्यापासून वाचलेली पिल्ले लाटांत शिरताना पाहायला आता लांबून माणसे येतात.

पण एस्पान्योलाचे काम फार सबुरीचे. पिल्ले चार-पाच वर्षांची करून बेटावर सोडायची, आणि ती वयात येणार वीस-पंचवीस वर्षांनी! ज्याने अंडे पेटीत ठेवले, तो नातवंड कासव पाहीलच असे नाही. आधी बेटावरच्या शेळ्या काढाव्या लागल्या. १९७८ पर्यंत ते काम पुरे झाले. नाहीतर पिल्लांनी खायचे काय? होता होता दोन हजारांच्या आसपास कासवे बेटावर नांदू लागली आणि तिथल्या मातीत स्वतःच अंडी घालू लागली. निवडुंगाची फळे खाऊन त्यांचे बी ती पुन्हा बेटभर पसरू लागली.

जून २०२० मध्ये पंधराही म्हाताऱ्यांना घरी पाठवले. निघण्यापूर्वी काही काळ त्यांना वेगळे ठेवले, कारण पोटातून परक्या झाडाचे बी एस्पान्योलावर जाऊ नये. मग होडीने बेटावर नेले. पुढे वाट खडकाळ, गाडी जाणार नाही. तेव्हा उद्यानाच्या रक्षकांनी एकेक कासव पाठीवर बांधले आणि निवडुंगाच्या रानात नेऊन उतरवले.