छायाचित्रणाचा छंद आणि आजीचा फोटो

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठ्या विद्वानांनी धम्मावर, संविधानावर, इतिहासावर विचार मांडले. मी बँकेत कारकून आहे. शिक्षण म्हणाल तर कला शाखेचा पदवीधर. तेव्हा अध्यक्षांनी बोलण्याचा आग्रह केला तेव्हा मी म्हणालो, मला एकाच गोष्टीवर बोलता येईल, आणि ती म्हणजे माझा छंद. ते म्हणाले, तेच बोला. म्हणून आज छायाचित्रणाच्या अगदी प्राथमिक गोष्टी सांगणार आहे. पण त्याआधी एका चुकीची कबुली द्यायची आहे.

माझी आजी १९५६ साली, १४ ऑक्टोबरला, नागपूरच्या दीक्षा समारंभाला गेली होती. तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन आलेली होती. गावातल्या बायांबरोबर पांढरे पातळ नेसून, शिदोरी बांधून ती निघाली. पुढे आयुष्यभर ती आम्हा नातवंडांना त्या दिवसाची गोष्ट सांगत असे. त्या समारंभाची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. लाखो माणसे, पांढऱ्या कपड्यांचा जणू समुद्र. त्या समुद्रात माझी आजी कुठेतरी आहे, पण ती ओळखू येत नाही.

२००३ साली मी एका मित्राचा रोलचा कॅमेरा मागून आणला आणि आजीचा फोटो काढायचे ठरवले. उन्हाळ्याची दुपार होती. आजीला घराच्या दारात बसवले आणि मी आत खोलीत उभा राहिलो. तिच्या पाठीमागे लख्ख अंगण. छत्तीस फोटोंच्या रोलमधले सहा फोटो मी तिचे काढले. स्टुडिओतून रोल धुऊन आला तेव्हा सहाही फोटोंत अंगण स्वच्छ दिसत होते, तुळईवरची खुंटीसुद्धा दिसत होती, आणि आजीच्या जागी काळी सावली होती. पुन्हा काढू म्हणत राहिलो. पुढच्या वर्षी आजी गेली. आज आमच्या भिंतीवर तिचा जो फोटो आहे, तो मतदार ओळखपत्रावरच्या फोटोवरून मोठा करून घेतला आहे. त्यात तिचे डोळेही धड दिसत नाहीत.

बंधुभगिनींनो, माझी चूक काय होती? आजीला फक्त तोंड दाराकडे करून बसवायचे होते आणि मी दाराकडे पाठ करून उभे राहायचे होते. एवढेच. त्याला एक पैसाही लागला नसता. हे मला कळायला पुढे दहा वर्षे लागली.

२०१४ साली मी एक वापरलेला डिजिटल कॅमेरा विकत घेतला आणि दर रविवारी सकाळी शिकायला सुरुवात केली. पहिल्या महिन्यात मला समजले की हा सगळा उजेडाचा जमाखर्च आहे. बँकेच्या माणसाला तो समजायला हरकत नव्हती.

कॅमेऱ्यात उजेड किती घ्यायचा, हे दोन गोष्टी ठरवतात. पहिली, भिंगातले छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर. त्याचे आकडे असे असतात : २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. इथे नवा माणूस हमखास चुकतो, कारण आकडा लहान तर छिद्र मोठे. मी मुलांना सांगतो, हे भाकरीच्या वाट्यासारखे आहे. दोघांत वाटलेली भाकरी आणि सोळा जणांत वाटलेली भाकरी, यात मोठा तुकडा कोणाचा? दुसरी गोष्ट शटर. छिद्र किती वेळ उघडे राहणार ते शटर ठरवते. सेकंदाचा साठावा भाग, एकशेपंचविसावा भाग, अडीचशेवा भाग, असे त्याचे माप. साधारण भिंगाने साठाव्या भागापेक्षा जास्त वेळ शटर उघडे ठेवले तर हाताच्या थरथरीने फोटो हलतो. तिसरी गोष्ट आयएसओ, म्हणजे मिळालेला उजेड किती वाढवून दाखवायचा. तो १०० चा २०० केला की फोटो दुप्पट उजळ होतो. पण फार वाढवला की फोटोत रवा दिसू लागतो.

आता ताळा कसा जुळतो ते पाहा. छिद्र ८ वर आणि शटर एकशेपंचविसाव्या भागावर ठेवून फोटो बरोबर येत आहे. तेवढ्यात समोरून मूल धावत आले. ते हलू नये म्हणून शटर अडीचशेव्या भागावर नेले, तर उजेड निम्मा झाला. मग छिद्र ५.६ करा, तो निम्मा उजेड परत मिळतो. एका खात्यातून काढले ते दुसऱ्या खात्यात भरले. डिजिटल कॅमेरा हे आकडे प्रत्येक फोटोबरोबर आपोआप नोंदवतो. तरीही मी वर्षभर वहीत लिहून ठेवले, कारण हाताने लिहिलेले डोक्यात राहते.

एवढे शिकून मी स्वतःला छायाचित्रकार समजू लागलो, आणि बुद्धपौर्णिमेला आपल्याच विहारात फजिती झाली. सगळे उपासक-उपासिका शुभ्र वस्त्रांत, भिंती पांढऱ्या, मूर्तीही पांढरी. फोटो काढून दाखवले तर कपडे मळकट आणि चेहरे काळेभोर. आमच्या वस्तीतली एक म्हातारी फोटो पाहून म्हणाली, "काहून रे बाबू, आमी एवढ्या काळ्या हाओ का?" सगळ्या हसल्या. मला मात्र हसू आले नाही.

घरी जाऊन शोध घेतला तेव्हा कारण सापडले. कॅमेऱ्याच्या मोजणीचा मूळ हिशेब असा असतो की समोरचे दृश्य सरासरी मध्यम राखाडी आहे. समोर सगळेच पांढरे असले तर तो समजतो की उजेड फार झाला, आणि उजेड कमी करतो. मग पांढरे राखाडी होते आणि सावळा चेहरा काळा पडतो. कॅमेऱ्यावर अधिक-उणेचे चिन्ह असते, ते अधिक एकवर न्यावे. मोबाईलमध्ये चेहऱ्यावर बोट ठेवले की अनेक मोबाईलांत सूर्याचे चिन्ह येते, ते वर सरकवावे. कपडे पांढरे होतात आणि चेहरा जसा आहे तसा दिसतो.

'जसा आहे तसा' हे शब्द मी मुद्दाम वापरले. आजकाल मोबाईल आपणहून चेहरे गोरे करून देतो आणि आपली मुले त्यावर खूश होतात. तरुण मित्रांनो, चेहरा स्पष्ट करणे वेगळे आणि गोरा करणे वेगळे. रंगीत फोटोंचे रंग जुळवण्यासाठी अमेरिकेत जे नमुना-कार्ड वापरत, त्यावर अनेक वर्षे गोऱ्या स्त्रीचेच छायाचित्र असे. म्हणजे यंत्र ज्या हातांनी घडवले, त्यांनी आपला चेहरा हिशेबात धरला नव्हता. तो हिशेबात धरणे आता आपल्या हातात आहे. माझ्या आजीचा रंग तिने उन्हात राबून मिळवला होता. तो पुसून टाकणारा फोटो मला नको.

शेवटी चार गोष्टी सांगून थांबतो. घरातल्या वृद्धांना खिडकीजवळ, उजेडाकडे तोंड करून बसवा. फोकस डोळ्यांवर ठेवा. विहारात वंदना आणि ध्यान चालू असताना फ्लॅश बंद ठेवा. आणि चांगल्या फोटोची कागदावर प्रत काढा. तिच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि तारीख लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. नाव नसलेला फोटो दोन पिढ्यांनी अनोळखी माणसाचा होतो.

आपल्या प्रत्येक घरात बाबासाहेबांचा फोटो आहे आणि तो असलाच पाहिजे. पण त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून १९५६ साली जी माणसे पायी, बैलगाडीने, रेल्वेने नागपूरला गेली, त्यांच्यापैकी फार थोडी आज हयात आहेत. कोणाच्या घरी असतील तर येत्या रविवारी त्यांच्यापाशी बसा. त्यांची गोष्ट ऐका आणि मग फोटो काढा. ज्याच्याकडे कॅमेरा नसेल त्याने मला निरोप द्यावा. मी माझा कॅमेरा घेऊन येईन, पैसे घेणार नाही. माझ्या आजीच्या त्या सहा फोटोंचे कर्ज मला असेच फेडायचे आहे.