देवाचाही शीण काढतात
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



दोन शब्द बोल म्हणून मला सांगितलं, तेव्हा नोकरीबद्दल बोलावं असं वाटलं. पण सॉफ्टवेअरबद्दल ऐकायला तुम्ही सुट्टी काढून आलेले नाही. म्हणून माझ्या दुसऱ्या कामाबद्दल बोलते.

गेली नऊ वर्षं दर रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी बारा ते सोळा वर्षांच्या मुलांचा गीतेचा वर्ग घेते. पदवी इंजिनिअरिंगची. संस्कृतच्या बाईंनी बारावा आणि पंधरावा अध्याय पाठ करून घेतला होता, तेवढ्या भांडवलावर सुरुवात केली. आठ मुलांची तीस झाली. मग गीता जयंती, पाठांतर स्पर्धा, आषाढीची दिंडी, पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप. आठवडाभर ऑफिस, शनिवारी रात्री पुष्कळदा रिलीज आणि रविवारी आठला वर्ग. ‘दमत नाहीस का?’ असं कुणी विचारलं की मला बरंच वाटायचं. देवाचं काम, त्यात कसली दमणूक, असं म्हणायचे.

एका रविवारी सहाव्या अध्यायातले सोळावा आणि सतरावा श्लोक घेत होते. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, उपाशी राहणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. सगळं बेताचं हवं. त्या दिवशी मी पहाटे चारला लॅपटॉप मिटला होता. अर्थ सांगता सांगता मला जांभई आली. मागून एक मुलगी म्हणाली, “काकू, हा श्लोक तुम्हाला लागू नाही का?” मुलं हसली. मी मात्र तिला रागावले.

वर्ग सुटल्यावर ती थांबली होती. तिला काही बोलायचं होतं. मी एका हाताने सतरंज्या गुंडाळत होते, दुसऱ्या हातात फोन होता. “पुढच्या रविवारी बोलू,” म्हणाले. पुढच्या रविवारी ती आली नाही, त्यानंतरही नाही. दोन महिन्यांनी तिच्या आईकडून कळलं, घरात बरंच काही चाललं होतं आणि तिला ते कुणाला तरी सांगायचं होतं.

त्या आषाढीला माझ्या सासूबाईंनी मला पंढरपूरची रीत सांगितली. यात्रेच्या काळात विठोबाचा पलंग काढून ठेवतात. दर्शन रात्रंदिवस चालू, म्हणून देवाला झोप नाही. उभं राहून दमू नये म्हणून पाठीशी लोड देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. गरम पाण्याने स्नान, शीण जावा म्हणून काढा, आणि पलंग पुन्हा जागेवर. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, “देवाचा पलंग काढतात, पण परत ठेवतात गं. तू तुझा काढलास तो ठेवलाच नाहीस.”

आता महिन्यातला एक रविवार दुसरे पालक वर्ग घेतात. रिलीज असला की मी सुट्टी घेते. पाठांतर स्पर्धा बंद केली. दिंडीच्या आठवड्यात धावपळ होतेच, पण नंतरचा रविवार रिकामा ठेवते. वर्ग सुटल्यावर अर्धा तास फोन पिशवीत ठेवून सतरंजीवर नुसती बसते. मुलं शेजारी येऊन बसतात. कधी बोलतात, कधी नाही. त्या मुलीच्या घरी जाऊन मी तिची माफी मागितली. ती वर्गाला परत आली नाही, पण दिवाळीला आठवणीने फोन करते.

आपल्या वेळापत्रकात मधली सुट्टी तासांसारखीच लिहिलेली असायची. बाई, तुम्ही त्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचात आणि आम्ही काहीबाही सांगायला यायचो. तेव्हा वाटायचं, बाईंना आता काही काम नाही. तुम्ही आमच्यासाठी मोकळ्या बसत होतात, हे कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली.