दर दोन तासांनी



उत्तर कन्नड जिल्ह्यात होन्नावरजवळ हळदीपूर नावाचं गाव आहे. तिथली अरुणा शानभाग परिचारिका व्हायला मुंबईला गेली आणि परळच्या केईएम रुग्णालयात काम करू लागली. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयात तिच्यावर हल्ला झाला. मेंदूला इजा होऊन तिने अंथरूण धरलं, ते पुन्हा सुटलं नाही. १८ मे २०१५ रोजी ती गेली. मधली एकेचाळीस वर्षं तिला केईएमच्या परिचारिकांनी सांभाळलं. तिच्या बरोबरीच्या निवृत्त झाल्या, १९७३ मध्ये ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशा मुली त्यांच्या जागी आल्या, आणि भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं तसंच चालू राहिलं. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेचा गौरव केला. इतकी वर्षं पडून असलेल्या या बाईला बेडसोअर नव्हता.

अरुणाचं दुखणं मेंदूचं होतं, हाडांचं नव्हे. तरीही कर्नाटकातल्या या पदवीदान समारंभात हाडांच्या शुश्रूषेविषयी बोलताना सुरुवात तिच्यापासूनच व्हायला हवी. हलता न येणाऱ्या माणसाच्या कातडीला, सांध्यांना आणि फुप्फुसांना जे धोके असतात, तेच मांडीचं हाड मोडून पडलेल्या आजीबाईंना असतात. अरुणाला तपासणाऱ्या डॉक्टरांना तिचे सांधे आखडलेलेही दिसले होते. परिचारिकांनी कातडी राखली, पण न हलणारे सांधे आपला हिशेब वसूल करतातच. म्हणून हाडांच्या वॉर्डात शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला जितक्या लवकर बसवता आणि उभं करता येईल, तितकं बरं.

या वॉर्डाचं शहाणपण बारीकसारीक गोष्टींत असतं. ओलं प्लास्टर तळव्यांवर पेलायचं. बोटांनी धरलं तर पडलेले खळगे वाळल्यावर आत रुततात. ट्रॅक्शनचं वजन अधांतरी लोंबकळतच राहायला हवं. रात्री एखादा मुलगा आईचे हाल बघवत नाहीत म्हणून ते वजन उचलून खाटेवर ठेवतो, आणि बिचाऱ्याला कळतही नाही की उपचार तिथेच थांबला. त्याला रागावून भागत नाही. ते वजन हाड सरळ ओढून धरतं, त्यामुळेच आईचं दुखणं कमी होतं, हे त्याच्याशेजारी उभं राहून समजवावं लागतं. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, अगदी कातडीखालून, एक नस जाते. प्लास्टरची कड तिथे दाबली गेली तर पाऊल वर उचलेनासं होतं. अंगठा वर करून दाखवा, एवढं विचारायला किती वेळ लागतो?

आणि ठणका. नडगीचं हाड मोडून प्लास्टरमध्ये असलेला तरुण पहाटे तीनला ओरडतो, तेव्हा दमलेल्या माणसाला वाटतं, हा जरा नाजूकच दिसतो. नेमकी तीच वेळ धोक्याची. पोटरीच्या स्नायूंभोवतीचं आवरण ताणलं जात नाही. आत सूज वाढली की दाब वाढतो, रक्त पोचेनासं होतं आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. सुरुवातीला नाडी लागते, बोटंही गुलाबी दिसतात. खरं बोलते ती वेदनाच: औषध देऊनही न हटणारी, बोटं हलकेच ताणली की उसळणारी. तेव्हा डॉक्टरांना उठवायचं, आणि ते नाराज होतील या भीतीने सकाळपर्यंत थांबायचं नाही.

बेंगळूरूत ही वेदना एका भाषेत येत नाही. बेळगाव-निपाणीकडचा माणूस ‘ठणकतंय’ म्हणेल, ‘मुंग्या आल्यात’ म्हणेल. कन्नड आजी ‘नोवु’ म्हणतील, बधिरपणाला ‘जोमु’ म्हणतील. तमिळमध्ये ‘वली’, तेलुगूत ‘नोप्पी’. जयनगरच्या संजय गांधी अपघात व अस्थिरोग संस्थेसारख्या सरकारी रुग्णालयात हे सगळे शब्द एकाच दिवशी कानावर पडू शकतात. ठणका आणि मुंग्या यांतला फरक ज्या परिचारिकेला चार भाषांत कळतो, ती एखाद्याचा पाय वाचवते.

याच शहरात ‘पुत्तूर कट्टू’च्या पाट्या दिसतात. आंध्रातल्या पुत्तूरच्या हाडवैद्यांची ही पट्टी. आपल्याकडेही गावोगाव हाडवैद्य आहेतच. पट्टी घट्ट बसून बोटं काळी-निळी झालेला रुग्ण उशिरा दाखल झाला, तर पहिला प्रश्न ‘तिकडे गेलातच कशाला?’ हा नसावा. खर्च, अंतर आणि कापतील ही भीती त्याला तिकडे घेऊन गेली. आधी पट्टी सोडवावी, बोटं पाहावीत.

हाडांच्या शुश्रूषेचा पाया घालणारी ॲग्नेस हंट स्वतः लहानपणापासून खुब्याच्या सांध्याच्या आजाराने अधू होती. १९०० मध्ये इंग्लंडातल्या बॅसचर्च या खेड्यात तिने अपंग मुलांसाठी घर उघडलं आणि त्यांच्या खाटा उघड्या हवेत मांडल्या. पुढे तिच्याच दुखऱ्या सांध्यावर उपचार करणारे रॉबर्ट जोन्स त्या मुलांनाही तपासू लागले. नंतर या मुलांना हाताला काम मिळावं म्हणून तिने प्रशिक्षण संस्थाही काढली. बेंगळूरूत १९५९ साली एन. एस. हेमा यांनी अपंगांसाठी संस्था सुरू केली. त्यांना स्वतःला पोलिओ झालेला होता. शारीरिक मर्यादा असलेल्यांना बागकामाचं शिक्षण देणं हे त्या संस्थेचं एक मोठं काम ठरलं.

या दोघींनी जे ओळखलं ते डिस्चार्जच्या कागदावर सहसा नसतं. खुबा बदललेल्या आजींना सांगितलं जातं, खाली बसू नका, मांडी घालू नका. पण घरी कमोड आहे का? किती पायऱ्या आहेत? चूल जमिनीवर आहे की ओट्यावर? पाटावर बसून जेवायची सवय असेल तर खुर्ची कोण आणणार? सुनेला रुग्णालयात बोलावून, आजींना खाटेवरून उतरवताना पाय कसा ठेवायचा हे दोनदा करून दाखवायला पंधरा मिनिटं लागतात. रिक्षा दारात येऊन थांबण्याआधी ती पंधरा मिनिटं काढायची असतात.