गणित चुकलं की भाषा अडली?



आम्ही मेळघाटातल्या बाया. आमच्या घरात कोरकू बोलतात, शाळा मात्र मराठी. कोरकू ही मराठीची बोली नाही, तिचं कूळच वेगळं. त्यामुळे पहिलीत गेलेल्या लेकराला गुरुजींचं बोलणंही नवं असतं.

आमच्या गटातल्या एकीची मुलगी चौथीत आहे. चाचणीत गणित आलं : ‘२४ आंबे ६ मुलांना समान वाटले, तर प्रत्येकाला किती मिळतील?’ तिने जागा कोरी सोडली. शेरा आला, ‘गणितात कच्ची.’ आईचा जीव खाली-वर झाला.

आम्ही दोघी-तिघी ओट्यावर बसलो. २४ चिंचोके पुढे ठेवले आणि तेच गणित कोरकूत विचारलं. पोरीने सहा वाटे घातले, एकेक मोजला आणि चार सांगितले. भागाकार तिला येत होता. अडले होते ते ‘समान’ आणि ‘प्रत्येकाला’ हे शब्द.

परिसर अभ्यासातही तेच. ओले कपडे उन्हात का वाळतात, हे ती घरच्या भाषेत नीट सांगते. ‘बाष्पीभवन म्हणजे काय?’ म्हटलं की गप्प.

एकदा ‘कच्ची’ म्हटलं, की मूल मागे बसतं, हात वर करत नाही. पुढे शाळाच नको म्हणतं.

मग शाळेत काय मागायचं? गणित तपासताना प्रश्न मुलाच्या भाषेत समजावून सांगा. सांगणाऱ्याने उत्तर मात्र सुचवू नये. मुलाला खडे मांडून, चित्र काढून, तोंडी उत्तर देऊ द्या. मराठीचे गुण मराठीत धरा, गणिताचे गणितात. मराठी तर शिकायचीच आहे, पण तिच्यापायी गणित बुडू नये.

हे काही उपकार मागणं नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय, की शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं आणि त्याला काय समजलं, याचं मूल्यमापन सतत होत राहावं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्यात, हेही त्यातच आहे.

तुमच्या गावात कोणी गोंडी, भिली, पावरी बोलत असेल, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आलेल्यांची लेकरं असतील, तर त्यांचंही असंच होत असेल. पुढच्या सभेला जाल तेव्हा मुलाची वही सोबत न्या आणि एवढंच विचारा : गुरुजी, गणित चुकलं की भाषा अडली?