प्रश्न धुराचा होता



समोर आज पदवी घेणारी, रायपूरच्या मराठी घरांतली मुलं बरीच आहेत, तेव्हा मराठीतच बोला, असा संयोजकांचा आग्रह होता. मी तो आनंदाने मानला.

इथल्या भनपुरी वसाहतीतल्या पोरांना धूर समजावून सांगायला नको. इथे रोलिंग मिला, शेजारी उरला औद्योगिक वसाहत, बिलासपूर रस्त्याने पुढे गेलं की सिलतरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या आकडेवारीत रायपूरच्या हवेत पीएम २.५ या सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक सरासरी घनमीटरला १३४ मायक्रोग्रॅम होती. संघटनेची तेव्हाची मर्यादा होती १०. आता या धुरावरचा वाद ऐका. कोणी म्हणालं, चिमणीतून फार काजळी येते. लगेच उत्तर येतं, ‘मग काय, कारखाने बंद करायचे? पोरं बेकार बसतील!’

कारखाना बंद करा, असं तो बिचारा म्हणालाच नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच, की ईएसपी चालू ठेवा. चिमणीच्या आधी बसवलेलं हे यंत्र धुळीच्या कणांवर विजेचा भार चढवून त्यांना पत्र्यांवर ओढून घेतं. ते वीज खातं, म्हणून रात्री बंद ठेवतात, अशी तक्रार अशा औद्योगिक पट्ट्यांत नेहमी ऐकू येते. तक्रार खोटीही असेल. यंत्राने रात्री किती वीज ओढली ते पाहिलं की कळेल. पण वाद तिथवर पोचतच नाही. वीजबिलाचा प्रश्न बघता बघता बेकारीचा होतो, आणि विचारणारा माणूस गरिबांच्या पोटावर पाय देणारा ठरतो.

एवढ्यावरही तो गप्प बसला नाही, तर ‘तुम्ही आलात ना मोटारसायकलवरून? तुम्ही कुठे धुतल्या तांदळासारखे?’ गाडीचा धूर खरा आहे. पण त्याने चिमणीचा धूर कमी होत नाही. तिसरा कोणी सांगतो, मागे अशीच तक्रार झाली आणि महिन्याभरात एक मिल बंद पडली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला! मिल लोखंडाचा भाव पडल्यामुळे बंद पडली की कर्जामुळे, हे कोणी विचारत नाही.

हे काही आजचं नाही. न्यायदर्शनाच्या जुन्या ग्रंथाने, न्यायसूत्रांनी, चर्चेचे तीन प्रकार सांगितले: खरं काय ते शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं नुसतं खोडायचं ती वितंडा. चॅनेलवर रोज रात्री काय चालतं ते तुम्हीच ठरवा. छल, म्हणजे शब्दाचा अर्थ फिरवून केलेली लबाडी, समजावताना न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन एक गमतीचं उदाहरण देतो. कोणी म्हणतं, हा मुलगा ‘नवकंबल’ आहे, म्हणजे त्याच्याकडे नवी घोंगडी आहे. समोरचा मुद्दाम ‘नव’चा अर्थ नऊ घेतो आणि विचारतो, नऊ घोंगड्या कुठे आहेत? आज भाषणाचा दहा सेकंदांचा तुकडा कापून गावभर फिरवतात, ती याच जातीची लबाडी. न्यायवाल्यांच्या हाती मोबाइल नव्हता, इतकंच.

पण मला सगळ्यांत जास्त बोलायचंय ते माणूस पाहून मुद्दा निकालात काढण्याबद्दल. त्यासाठी आपल्याच रायपूरचा माणूस घेतो. माधवराव सप्रे. घरची भाषा मराठी, हायस्कूलचं शिक्षण इथलं, आणि १९०० साली पेंड्र्याहून त्यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. पुढे नागपुरातून टिळकांच्या ‘केसरी’चं हिंदी रूप, ‘हिंद केसरी’, चालवलं. १९०८ मध्ये राजद्रोहाखाली अटक झाली. घरच्यांचा दबाव आला, आणि सप्रे माफीपत्र लिहून सुटले. त्यानंतर ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले, मधुकरी मागून राहिले आणि त्यांनी दासबोध हिंदीत आणला.

माफी मागितली ही गोष्ट खरी आहे, ती झाकायचं कारण नाही. पण ‘माफी मागणाऱ्याचं लिखाण काय वाचायचं?’ असं कोणी म्हणालं, तर त्याला विचारा, लिखाणातलं कुठलं वाक्य चुकलं ते दाखव. माणूस कच्चा ठरला म्हणून त्याचं गणित चुकत नाही. याची उलटी बाजू मला जास्त घातक वाटते, कारण ती गोड असते: माणूस थोर, म्हणून तो म्हणेल ते खरं. आपण मराठी माणसं यात पटाईत. महाराजांचं, टिळकांचं, आंबेडकरांचं नाव घेतलं की पुढचं वाक्य कोणी तपासत नाही. आणि ते वाक्य पुष्कळदा त्यांचं नसतंच.

सप्र्यांची बाजू घेताना मी नेहमी सांगतो, की माफीनंतरही टिळकांनी ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद त्यांच्याकडेच सोपवला, आणि तो टिळकांच्या हयातीत निघाला. टाळ्या वाजवू नका, अडवा मला. टिळकांचा विश्वास होता एवढंच यातून कळलं. अनुवाद चांगला उतरलाय का, ते यातून कळत नाही. त्यासाठी मूळ पुस्तक आणि सप्र्यांची हिंदी शेजारी ठेवून निदान एक प्रकरण ओळीओळीने ताडून पाहावं लागेल. तुमच्यापैकी बरेचजण घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलतात. हे काम तुमच्याइतकं सहज पुण्यातल्या पोरांना जमायचं नाही. कोणी मनावर घेतलं, तर मला कळवा.