सवलतीचा फोन आणि आपले सिम

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत दहा-पंधरा मिनिटे काहीतरी उपयोगाचे बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा पहिल्याने माझ्या मनात खाद्यपदार्थांचाच विषय आला. पण कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांबद्दल सोलापूरच्या बायकांना मी काय सांगावे? तेव्हा ज्या विषयात माझी स्वतःची चांगलीच फजिती झाली, तोच विषय मी घेतला आहे. ज्याला ठेच लागली त्यानेच रस्त्यातला दगड दाखवावा, हे बरे.

विषय असा, की स्वस्तात मिळालेला मोबाईल फोन आपल्या सिमवर पूर्णपणे चालेल की नाही, हे घेण्यापूर्वी कसे पाहावे. ‘पूर्णपणे’ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. का, ते पुढे कळेलच.

आपणांपैकी पुष्कळजणींना आठवत असेल, मागे एका दिवाळीच्या तोंडावर आपल्या गृहोद्योग विभागासाठी आपण पाच फोन घेतले. चटणीच्या आणि भाकरीच्या मागण्या आता फोनवर येतात, पैसेही फोनवरच येतात. विभागातील पाच भगिनींकडे जुने, काचा फुटलेले फोन होते. भिशीतून पैसे उभे राहिले. मी त्या वेळी कोषाध्यक्ष होते. बाजारात चौकशी करता एका सवलतीत प्रत्येक फोनमागे अडीच हजार रुपये वाचतात असे मला दिसले. पाच फोनांचे साडेबारा हजार! कोषाध्यक्षाला याहून मोठा आनंद कोणता? कार्यकारिणीने माझे कौतुक केले, आणि ते मी घेतले.

आठ दिवसांतच दोन भगिनी फोन घेऊन माझ्या दारी आल्या. त्यांच्या घरी त्या कंपनीची रेंज नीट मिळत नव्हती. म्हणून त्यांनी आपले जुने, दुसऱ्या कंपनीचे सिम त्यात घातले, तर पडद्यावर सूचना आली की हे सिम या फोनमध्ये चालणार नाही. मी चष्मा लावून खोका पाहिला. त्यावर बारीक अक्षरांत स्पष्ट लिहिले होते, की हा फोन ठराविक महिने अमुक एका कंपनीच्याच सिमवर चालेल. सवलत त्या अटीचीच होती. कुणी काही लपविले नव्हते. मी वाचले नव्हते, एवढेच.

यात पैशांचेच नुकसान असते तर ते मी एव्हाना विसरलेही असते. पण त्या दोघींपैकी एकीची आई अक्कलकोट तालुक्यातील एका खेड्यात एकटी राहते. कार्तिकातल्या एका रात्री आईला एकाएकी धाप लागली. शेजाऱ्यांनी तिला दवाखान्यात नेले आणि रात्रभर मुलीला फोन लावला. मुलगी फोन उशाशी घेऊन झोपली होती. पत्र्याच्या घरात त्या सिमला रेंज नव्हती. फोन वाजलाच नाही. सकाळी अंगणात आल्यावर निरोप कळला. आई त्यातून बरी झाली, ही देवाची कृपा. नंतर ती मला भेटली, तेव्हा रागावून बोलली नाही. एवढेच म्हणाली, “बाई, फोन चांगला आहे हो. फक्त वाजत नाही.”

भगिनींनो, ते वाक्य ऐकल्यावर मी ठरविले, की हा विषय नीट समजून घ्यावयाचा. आमच्या नात्यातील एक तरुण दूरसंचार खात्यात आहे. त्याच्याकडून शिकले, थोडे स्वतः वाचले. ते सोप्या शब्दांत सांगते.

फोन दुसऱ्या कंपनीच्या सिमवर न चालण्याची कारणे तीन. पहिले कारण म्हणजे कुलूप. कंपनी फोन स्वस्त देते आणि त्या बदल्यात तो आपल्याच सिमला बांधून ठेवते. ही पद्धत नवी नाही. २००३ साली रिलायन्सने ‘मान्सून हंगामा’ या नावाने ५०१ रुपये सुरुवातीला भरून फोन घरोघर दिले. त्या सुरुवातीच्या फोनांत काढता येईल असे सिमकार्डच नसे. फोन म्हणजेच नंबर. २०१७ साली १५०० रुपये परत मिळणाऱ्या अनामतीवर जिओफोन आला आणि २०२३ साली ९९९ रुपयांचा जिओ भारत आला. हे दोन्ही जिओच्याच सिमवर चालतात. एअरटेलच्या सिमला बांधलेले, म्हणून स्वस्त असलेले स्मार्टफोनही अलीकडे बाजारात आले. यात फसवणूक नाही. ज्या घरात त्या कंपनीची रेंज उत्तम, तिथे हा सौदा फायद्याचाच आहे. आपल्या पाचांपैकी तिघींचे फोन आजही सुरेख चालतात. मात्र आपण फोनाबरोबर काय विकत देतो आहोत, हे ठाऊक असावे. आपण विकतो ते कंपनी बदलण्याचे स्वातंत्र्य.

हे स्वातंत्र्य लहान नाही. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय आपल्या देशात प्रथम नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून सर्वत्र सुरू झाली. १९०० या क्रमांकावर संदेश पाठविला की काम सुरू होते. जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया या तिघांनीही दर वाढविले, तेव्हा असंख्य लोकांनी आपले नंबर बीएसएनएलकडे नेले. पण ज्यांच्या फोनाला कुलूप होते, त्यांचा नंबर गेला तरी फोन जाईना. नंबर आपला, पण फोन पाहुणा, अशी ती गत!

दुसरे कारण लहरींचे. प्रत्येक कंपनीच्या लहरी ठराविक पट्ट्यांवर चालतात, त्यांना इंग्रजीत बँड म्हणतात. रेडिओवर जशी स्टेशने, तसेच. ज्या रेडिओला एखादा पट्टाच नाही, त्यावर ते स्टेशन लागणार नाही. जिओचे फोरजी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्‌झवर आहे. बीएसएनएलच्या फोरजीत ७०० आणि २१०० हे पट्टे मुख्य. जुन्या किंवा परदेशी फोनात ७०० चा पट्टा नसला, तर फोन बंद पडत नाही, पण जिथे तोच पट्टा पोचतो तिथे रेंज जाते. आणि कमी आकड्याच्या लहरी भिंतीतून आत अधिक शिरतात, मोठ्या आकड्याच्या कमी शिरतात, हेही लक्षात ठेवावे. आपल्या जुन्या पेठांतील जाड भिंतींची घरे आणि पत्र्याची छपरे यांना हा नियम फार लागू पडतो. दुकानात पाच रेघा आणि माजघरात शून्य, असे होते ते यामुळे.

तिसरे कारण सर्वांत फसवे, आणि ‘पूर्णपणे’ हा शब्द मी वापरला तो यासाठी. माझ्या पुतण्याने अमेरिकेहून येताना मला त्याचा जुना फोन आणला. सिम घातले, चित्रे दिसू लागली, भजने ऐकू येऊ लागली. मी खूष! पण फोन करावा तर लागेना, आणि कुणाचा आलेलाही वाजेना. कारण असे, की फोरजीवरून बोलण्यासाठी ‘व्होल्टी’ नावाची सोय फोनात असावी लागते, आणि ती आपल्या कंपनीशी जुळावी लागते. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली ती मुळातच फोरजीची. तिला जुने टूजी नाही. तेव्हा व्होल्टी जुळले नाही तर इंटरनेट चालते, पण साधा फोन लागत नाही. ज्या कंपन्यांचे टूजी शिल्लक आहे, तिथे असा फोन टूजीवर उतरून बोलतो, पण बोलणे चालू असेपर्यंत इंटरनेट थांबते. ग्राहक फोनवर विचारते आहे, “पैसे पाठविले, आले का?” आणि आपल्याला ते पाहताच येत नाही!

फाइव्हजीचेही तसेच आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी ती सेवा आपल्याकडे सुरू झाली. पण खोक्यावर फाइव्हजी लिहिले म्हणजे प्रत्येक कंपनीचे फाइव्हजी लागेलच असे नाही. जिओने स्वतंत्र उभारणीचे फाइव्हजी निवडले, तर एअरटेलने सुरुवातीस ते फोरजीच्या आधाराने चालविले. फोनाला आपल्या कंपनीची रीत ठाऊक असावी लागते.

आता परीक्षा कशी करावी? आपण चादर घेतो तेव्हा उलटीसुलटी करून पाहतो, साडीचा कोपरा ओला करून रंग जातो का पाहतो. तसेच हे आहे.

एक, दुकानदाराला सरळ विचारावे: “याला कुठल्या कंपनीचे कुलूप आहे का? असल्यास किती महिने? आणि मुदत संपल्यावर ते आपोआप सुटते की अर्ज करावा लागतो?” उत्तर बिलावर लिहून घ्यावे. अमेरिकेहून आयफोन येणार असेल, तर पुतण्या-भाच्यांना तिथेच सेटिंग्जमध्ये पाहावयास सांगावे. सिमवर निर्बंध नाही अशी ओळ तिथे असली पाहिजे. कुलूप तिथली कंपनीच काढू शकते, येथून ते काम अवघड. शिवाय २०२२ नंतरच्या तिकडच्या आयफोनांत सिमची खाचच नाही. त्यांना ई-सिम लागते.

दोन, घरातून निघताना आपले सिम बरोबर न्यावे, आणि घरात दोन कंपन्यांची सिमे असतील तर दोन्ही न्यावीत. सिम दोन्ही खाचांत घालून पाहावे. कधी कधी एकीत चालते आणि दुसरीत नाही.

तीन, नुसत्या रेघा पाहून समाधान मानू नये. आपण एक फोन करावा, आणि कुणाकडून तरी एक आपल्याकडे करवून घ्यावा. वाजतो का? बोलताना वर व्होल्टी किंवा फोरजी दिसते का? बोलणे चालू असताना इंटरनेट चालते का? बँकेचा परवलीचा आकडा संदेशाने येतो का? एवढ्याला पाच मिनिटे पुरतात.

चार, जुना फोन असेल तर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबावे. पंधरा आकडी क्रमांक दिसतो. तो केवायएम या अक्षरांपुढे लिहून १४४२२ वर संदेश पाठवावा, म्हणजे तो फोन कोणता आणि त्यावर बंदी आहे का, ते कळते. चोरीचा फोन बंद केलेला असला, तर तो कुठल्याच कंपनीवर चालणार नाही. शासनाच्या ‘संचार साथी’वरही ही सोय मे २०२३ पासून आहे.

पाच, आणि हे मला फार महाग पडले. परीक्षा दुकानात संपत नाही. ज्या घरात फोन राहणार, त्या घराच्या सर्वांत आतल्या खोलीत, दार लावून, ज्या कंपनीचा फोन घेणार तिचे सिम शेजारणीकडून घटकाभर मागून आणून पाहावे. नव्या पेठेत फोन चालला म्हणून अक्कलकोट रस्त्याला चालेल असे नाही. घरी वाय-फाय असल्यास त्यावरून साधा फोन येण्याची सोयही काही फोनांत असते. रेंज कमी असलेल्या घरात ती उपयोगी पडते.

आणि एवढे करूनही दुकानदाराने सांगितले एक व निघाले दुसरे, तर गप्प बसू नये. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा क्रमांक १९१५ आहे. बिल मात्र जपून ठेवलेले असावे.

आपल्या त्या दोन फोनांचे काय झाले, असे कुणी विचारील. एक आपण मंडळाच्या कचेरीत ठेवला, कारण इथे त्या कंपनीची रेंज आहे. दुसरा एका विद्यार्थिनीने कमी किमतीत घेतला, तिला अट सांगूनच दिला. त्या दोघींना कुलूप नसलेले साधे फोन घेऊन दिले, आणि घेण्यापूर्वी मी स्वतः त्यांच्या घरी आतल्या खोलीत बसून ते वाजवून पाहिले. अक्कलकोटहून आईकडूनच फोन करविला. पहिल्या घंटेला ती भगिनी हसली. माझ्या मनावरचे ओझे त्या दिवशी थोडे उतरले.

या सगळ्या उलाढालीत वाचलेल्या साडेबारा हजारांपैकी बरेचसे गेले. वर्षअखेर हिशेब लिहिताना ती रक्कम ‘कोषाध्यक्षांची चूक’ या नावाखाली दाखवावी, असे मी सुचविले. अध्यक्षबाईंनी ते खोडले आणि आपल्या हाताने लिहिले, ‘शिक्षणखर्च’.

भगिनींनो, तो खर्च मंडळाच्या पैशाने झाला. तेव्हा ते शिक्षण माझ्या एकटीजवळ राहणे योग्य नव्हते. ते आज आपणां सर्वांस परत केले, एवढेच.