बांधीत राबणारीचे नाव सातबाऱ्यावर हवे

हातची कामे सोडून आलेल्या माझ्या बहिणींनो,

दवनीवाड्यातल्या या परिषदेत आपणा सर्वांचे मनापासून स्वागत. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा धानाचा मुलूख. इथली रोवणी बायांच्या हातून होते. उन्हाळ्यात त्याच बाया मोहफुले वेचतात, तेंदूपत्ता तोडतात. बारा महिने राबूनही एकट्या आईच्या घरी दारिद्र्य का, हा या परिषदेचा प्रश्न आहे.

नवरा वारला की दोघांचा संसार एका मजुरीवर येतो. जमीन मात्र सासऱ्याच्या नाहीतर दिराच्या नावावर असते. आधारभूत किमतीच्या खरेदी केंद्रावर धान विकायला सातबारा लागतो. त्यामुळे तिने पिकवलेल्या धानाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात. परित्यक्तेचे हाल तर आणखी वेगळे. तिच्याजवळ ना मृत्यूचा दाखला, ना घटस्फोटाचा कागद. राहते माहेरी आणि रेशनकार्डावर नाव सासरी!

कायद्याने पुष्कळ दिले आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा ही पतीची पहिल्या वर्गातली वारस आहे. आदिवासी बहिणींना तो कायदा लागू नाही, म्हणून त्यांच्या जमीनहक्काचा वेगळा ठराव इथे व्हावा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली वडीलधारी स्त्री कुटुंबप्रमुख ठरते. संजय गांधी निराधार योजनेत विधवा आणि परित्यक्ता दोघीही येतात. पण महिन्याच्या १,५०० रुपयांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये! एवढ्यात लेकरांचे पोट भरत नाही. ही अट बदललीच पाहिजे.

मयत खातेदारांच्या वारसांची नोंद करण्यासाठी २०२५ मध्ये राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली. तिच्यात आपल्या गावातल्या किती विधवांची नावे चढली, हे प्रत्येकीने ग्रामसभेत विचारावे. एकल महिलांची गावनिहाय यादी करावी, कोणाचा कोणता कागद अडला ते लिहावे आणि तलाठी, ग्रामसेवकांना गावातच शिबिर घ्यायला लावावे. एकटी बाई कचेरीच्या पायऱ्या झिजवते तेव्हा तिची मजुरी बुडते. शासन गावात आले तर तिचा दिवस वाचेल.

भगिनींनो, हे उपकार नव्हेत, आपल्या कष्टांचा हक्क आहे. आज मोकळेपणाने बोला, ठराव करा आणि ते तडीस न्या. गावकऱ्यांनी जमेल तशी व्यवस्था केली आहे. काही कमी पडले तर हक्काने सांगा. स्वागत समितीच्या वतीने पुन्हा एकदा आपले स्वागत करते आणि परिषदेला सुयश चिंतिते.